टॉवरचा मोबदला वाढला, कंपनीचा अधिकार मात्र १८८५ सालचाच

हायटेन्शन लाइन शेतातून जाणार असं कळलं की गावात पहिला प्रश्न निघतो, "किती मिळणार?" प्रश्न रास्त आहे. पण न विचारता आपल्या रानात टॉवर उभा करायचा अधिकार कंपनीला दिला कुणी, हे आपण विचारतच नाही.

वीज कायदा २००३ च्या कलम १६४ नुसार सरकार एक आदेश काढून पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या) कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले, म्हणजे तार खात्याला खांब आणि तारा टाकण्यासाठी दिलेले, अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की जमीनमालकाची संमती लागत नाही. पॉवरग्रिड (केंद्राची पारेषण कंपनी) विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. शेतकरी आडवा आला तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश येतो, आणि मग बंदोबस्तात पाया खोदला जातो.

जमीन संपादित होत नाही, सातबारा आपल्याच नावावर राहतो. पण ४०० केव्ही लाइनचा पट्टा साधारण ४६ मीटर रुंद असतो. शेतातून ती शंभर मीटर गेली तरी एकराहून जास्त रान तारांखाली आलं. तिथे घर बांधता येत नाही, उंच वाढणारी झाडं लावता येत नाहीत. विकायला काढलं तर गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

मोबदला वाढला, हे खरं. केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के झाले. चांगलंच झालं. पण या सूचना आहेत, कायदा नाही. लागू करायच्या की नाही, ते राज्याच्या मर्जीवर.

माझा खरा राग २०२३ वर आहे. त्या वर्षी संसदेने दूरसंचार कायदा करून टेलिग्राफ कायदा मोडीत काढला. आणि त्याच कायद्यात लिहून ठेवलं की कलम १६४ खालच्या वीजवाहिन्यांसाठी जुन्या कायद्याचा भाग ३, म्हणजे हेच अधिकार देणारा भाग, चालूच राहील! तारा गेल्या, तार खातं गेलं, शेतात घुसायचा अधिकार तेवढा जपून ठेवला. त्याला लगाम घालायची संधी समोर होती, ती सोडून दिली.

लाइन नकोच, असं मी म्हणत नाही. आमच्या पंपालाही वीज लागते, आणि एका माणसाच्या नकारावर अख्खी वाहिनी अडून राहू नये. पण कलम १६४ मध्येच दुरुस्ती करा. मार्ग पक्का होण्याआधी प्रत्येक खातेदाराला नोटीस आणि ग्रामसभेत सुनावणी द्या. शेतकऱ्याने बांधाकडेने मार्ग सुचवला आणि तो नाकारला, तर कारण लेखी द्या. पैसे पाया खोदण्याआधी खात्यात जमा करा, आणि दर कायद्यात लिहा.

तोवर, सर्वेवाले खुंट्या मारायला आले तर कलम १६४ च्या आदेशाची प्रत मागा. विहीर, झाडं, पाइपलाइन सगळ्याचा पंचनामा करून घ्या. मोबदला कमी वाटला तर टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.