‘मुंबईत बसून’ फीडर काढणाऱ्याचं उत्तर

शेळ्यांच्या फीडरवरच्या (वरून भरलेला खुराक आपोआप गव्हाणीत उतरवणाऱ्या पत्र्याच्या पेटीवरच्या) माझ्या लेखाखाली ‘रानवारा’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देतो:

“मुंबईत बसून फीडर काढणं सोपं असतं. तुमच्या मापाने करून घेतला. माझ्या वेल्डरने फक्त चारही बाजूंना ४५ अंशांचा उतार दिला, बाकी सगळं तेच. घरचा भरडा टाकला तर दर तासाला काठी मारावी लागते. ७५ मिमीचं तोंडच चुकीचं आहे, सरळ १५० द्यायला हवं होतं. शेळ्या निम्मं खाणं खाली पाडतात. पावसात काय करायचं ते लिहिलेलं नाही, खर्चही नाही. त्यात माझी एक दुभती शेळी आजारी पडली. आधी गोठ्यात उतरा, मग लोकांना शिकवा.”

रानवारा, तुमचा फीडर अडकतो याचं मला वाईट वाटलं. पण प्रतिक्रियेची सुरुवात आणि शेवट वाचून तुम्हाला फीडर दुरुस्त करायचा आहे की मला, हे कळेना. लेखात माप चुकलं असेल तर ‘माप चुकलं’ म्हणा, मी पट्टी घेऊन बसतो. लेखक राहतो कुठे यावरून पत्र्याचा उतार बदलत नाही.

आणि मुंबईबद्दलच बोलायचं तर याच शहरात परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गोरेगावच्या आरे कॉलनीत १९४९ पासून म्हशींचे तबेले आहेत, आणि बकरी ईदच्या आधी देवनारच्या जनावरांच्या बाजारात जितके बोकड उतरतात तितके एका जागी पाहायला तुम्हालाही इथेच यावं लागेल. माझं स्वतःचं म्हणाल, तर प्लास्टिकच्या दाण्यांसाठी हॉपर, म्हणजे वरून भरायची आणि खालून माल सोडणारी निमुळती पेटी, बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. दाणा का अडकतो, कुठे अडकतो आणि कशाने सुटतो, याचेच मला पैसे मिळतात. शेळी कशी पाळावी हे मी कोणाला कधीच शिकवलेलं नाही. पत्रा कसा वाकवावा एवढंच लिहिलं होतं.

आता तुमचं ‘७५ मिमीचं तोंडच चुकीचं’ हे वाक्य. प्रतिक्रियेत तांत्रिक म्हणावं असं हे एकच वाक्य आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

त्याआधी ‘बाकी सगळं तेच’. नाही हो, बाकी काहीच तेच राहिलेलं नाही. माझ्या आराखड्यात हॉपरला एकच उतरती बाजू आहे, ती म्हणजे पाठ, आणि तिचा कोन आडव्यापासून ६० अंश. पुढचा पत्रा आणि दोन्ही कुशी सरळ उभ्या. लांबी ९०० मिमी, वरची रुंदी ३५०, खाली घसा (म्हणजे तळाची रुंदी) ७५, उंची ४७६. हे ४७६ मी हौसेने लिहिलेलं नव्हतं. ३५० मधून ७५ गेले की २७५ उरतात, आणि ६० अंशांत २७५ आडवं जायचं तर ४७६ चीच उंची लागते. यात ९१ लिटर माल बसतो. गोळी पेंडीची घनता लिटरला ६०० ते ६२० ग्रॅम धरली तर ५० किलोचं एक पोतं रिकामं होऊन वर दोन-तीन सेंटीमीटर जागा उरते.

तुमच्या वेल्डरने चारही बाजू ४५ अंशांत उतरवल्या. म्हणजे चार कोपऱ्यांत चार पन्हळी तयार झाल्या. दोन उतरते पत्रे जिथे मिळतात ती कड दोन्ही पत्र्यांपेक्षा नेहमी कमी उताराची असते. पत्रे ४५ अंशांचे असतील तर कोपऱ्याची कड भरते जेमतेम ३५ अंश. पत्रे ६० चे केले तरी कोपरा ५१ वर येतो. भरड्याची रास जमिनीवर साधारण ३५ ते ४५ अंशांत थांबते. म्हणजे तुमच्या कोपऱ्यांतला माल घसरणारच नाही, तो तिथे मुक्कामाला आहे. मधला माल खाली जातो, मधोमध विहीर पडते, आणि कडेचा जुना माल दिवसेंदिवस तिथेच राहून कडक होतो. तुम्ही काठी मारता ती बहुधा या थराला. वर वेल्डिंगचे टाके आतल्या बाजूला असतील आणि ग्राइंडर फिरवला नसेल, तर त्या कडेला माल धरून ठेवायला आणखी एक पायरी मिळाली. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पत्र्याला वेल्डिंग केलं की जस्त जळतं आणि पहिला गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून लेखात फोल्ड करून पॉप रिव्हेट मारा असं लिहिलं होतं. ‘दिसायला भक्कम’ म्हणून वेल्डिंग करणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे, ते इथे काढत नाही.

आता तोंड. माल दोन कारणांनी अडकतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. पहिलं कारण म्हणजे दाणे एकमेकांत अडकून घशाशी कमान धरतात. हे गोळी पेंडीत होतं. त्यासाठी ठोकताळा असा: गोल भोक असेल तर दाण्याच्या सहा ते आठ पट, लांब चीर असेल तर तीन-चार पट पुरते. गोळी ८ मिमीची धरली तर लांब चिरेला ३२ मिमी. मी घसा ७५ दिलाय, म्हणजे दुपटीहून जास्त. दुसरं कारण म्हणजे बारीक, ओलसर, चिकट माल स्वतःलाच धरून कमान करतो. दाण्याच्या आकाराशी तिचा संबंध नसतो. ती किती रुंदीवर मोडेल हे मालाच्या चिकटपणावर आणि घनतेवर ठरतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात जेनिके या अभियंत्यांनी १९६४ साली यावर जे काम प्रसिद्ध केलं, त्यावरच आजही जगभरचे हॉपर काढले जातात. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे: लांब चीर दिली तर गोल किंवा चौकोनी भोकाच्या साधारण निम्म्या रुंदीत तीच कमान मोडते, फक्त चिरेची लांबी रुंदीच्या किमान तिप्पट हवी आणि ती सगळ्या लांबीवर चालती हवी. माझी चीर ९०० लांब आहे ती म्हणून. तुमचा चौफेर उतार खाली येऊन किती लांबीचं तोंड सोडतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं ते चौकोनी झालं असणार. तसं असेल तर माझा ७५ तुम्हाला निम्माच पडला, आणि तो माझा ७५ राहिलाच नाही.

घरच्या भरड्यात काय होतं तेही तुम्ही सांगितलं नाहीत. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात ‘गोळी पेंडीसाठी’ असं लिहिलेलं आहे. तुमच्या भरड्यात गव्हाचा कोंडा आणि मळी किंवा गुळाचं पाणी असेल, तर तो नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणार नाही. कोंडा हलका, त्यामुळे कमान मोडायला वजन कमी. मळी चिकट, त्यामुळे कमान पक्की. ‘वरून आणखी भरलं की वजनाने खाली जाईल’ असं बरेच जण म्हणतात. तेही होत नाही. भरलेल्या हॉपरमध्ये बरंचसं वजन भिंती उचलतात आणि एका उंचीनंतर तळाशी दाब वाढतच नाही, हे यानसन या जर्मन अभियंत्यांनी १८९५ मध्येच दाखवलं आहे. जास्त भरल्याने भरडा दाबला जातो आणि कमान आणखी घट्ट होते, एवढंच.

मग तोंड १५० केलं तर? न्यायाने बोलायचं तर घसा रुंद केल्याने चिकट मालाची कमान मोडायला मदत होते, हे तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. तेवढं मान्य. पण घसा आणि फट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्हींना ‘तोंड’ म्हणता. घसा म्हणजे हॉपरच्या तळाची रुंदी. फट म्हणजे पुढच्या सरकत्या पट्टीची खालची कड आणि गव्हाणीचा तळ यांच्यातलं अंतर. गव्हाणीत किती माल येणार हे घसा ठरवत नाही, फट ठरवते. फटीतून बाहेर आलेला माल आपल्या राशीच्या कोनात थांबतो. ३५ अंश धरले तर ४० मिमीच्या फटीतून तो ५७ मिमी पुढे येऊन थांबेल आणि १५० च्या फटीतून २१४ मिमी. माझ्या गव्हाणीची खोली पट्टीपासून ओठापर्यंत, म्हणजे गव्हाणीच्या पुढच्या काठापर्यंत, १८० आहे. म्हणजे शेळीने तोंड लावायच्या आतच माल ओठाला टेकला. त्यात शेळी नाकाने उकरते, माल पुढे लोटते, मागून नवा येतो, आणि हे पट्टीच्या कडेच्या पातळीपर्यंत चालू राहतं. पट्टीची कड १५० वर आणि ओठ १०० वर असेल तर पुढचं मी सांगायला नको.

म्हणून नियम एकच: पट्टीची खालची कड ओठाच्या किमान ५० मिमी खाली. ओठ १०० चा, तर फट ५० च्या वर कधीच नाही. गोळीला ३५ ते ४०, करडांच्या ३-४ मिमीच्या बारीक गोळीला २५. ओठाची कड आतल्या बाजूला २० मिमी वळवा, लोटलेला माल परत आत पडतो. तुमचं ‘निम्मं खाणं खाली पाडतात’ हे वाक्य याच हिशोबाखाली येतं. फट किती ठेवली आहे ते आधी मोजा, मग शेळ्यांना दोष द्या.

भरडाच वापरायचा असेल तर घसा १५० करा, माझी हरकत नाही. पाठीचा उतार ६० चाच ठेवा, म्हणजे उंची ४७६ ऐवजी ३४६ होईल आणि माल ७८ लिटर बसेल. फट मात्र ४० लाच ठेवा. आणि सरकती पट्टी पक्की न बसवता वरून बिजागरीवर लोंबती ठेवा, मागे-पुढे १० मिमी हलेल एवढी. शेळी नाकाने टोचते, पट्टी हलते, कमान सुटते. डुकरांच्या फीडरमध्ये हे सर्रास असतं. भरडा दळताना चाळणी जाड लावा, पीठ करू नका, मळी गोळीतच राहू द्या. बिजागरी स्टेनलेसची घ्या. लेखात नुसतं ‘बिजागरी’ लिहिलं होतं, आपल्याकडच्या दमट हवेत साधी लोखंडी धरून बसते, तेव्हा तो शब्द घालतो.

पावसाबद्दल वेगळं काय लिहायचं होतं? झाकणाला मागे उतार आणि चारही बाजूंना ७५ मिमी छज्जा, हे आराखड्यात दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवसांत संपेल एवढंच भरा. ओल धरलेला मका बुरशी धरतो आणि त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही. फीडर छपराखाली ठेवायचा असतो, हे सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

शेळी आजारी पडली हे वाईट झालं. पण ती दुभती होती असं तुम्हीच लिहिता. चोवीस तास उघडा फीडर करडांसाठी आणि खाटकासाठी वाढवलेल्या बोकडांसाठी, असं लेखात ठळक अक्षरांत आहे. दिवसाला २००-३०० ग्रॅम खुराकाच्या शेळीला अचानक हवा तितका मका भरडा मिळाला, तर पोटात लॅक्टिक आम्ल वाढतं, कोठीपोटाचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली जातो, शेळी चारा सोडते, पातळ हगते. बोकडांनाही खुराक दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवतात, आधी सुका चारा देतात आणि आंत्रविषाराची लस टोचलेली असते. करडांच्या फीडरभोवती १५ सेंटीमीटर अंतराचे उभे गज लावले की आया आत शिरत नाहीत. यात पत्र्याचा काय दोष, ते तुम्ही तुमच्या पशुवैद्यांना विचारा. ते तर मुंबईत बसलेले नसतील.

राहिला खर्च. १ मिमी जाडीच्या ८ बाय ४ फुटांच्या एका जीआय पत्र्यात झाकणासकट सगळा फीडर निघतो, फोल्डची कड धरून काटेकोर आखलं तर. अख्ख्या पत्र्याचं वजन २३-२४ किलो. किलोचा भाव दर आठवड्याला हलतो, म्हणून रक्कम छापली नव्हती. कळंबोलीच्या स्टील मार्केटला फोन करा आणि गुणाकार करा. फोल्डिंगची मजुरी वेगळी. आणि या वेळी वेल्डरला आराखडा दाखवताना ‘फक्त’ एवढा बदल कर, असं सांगू नका.