बॅटमॅनला म्हातारा होऊ द्या की

"तिसरा बरा होता, पण दुसऱ्याची सर नाही." दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनच्या तिसऱ्या बॅटमॅन सिनेमाचा, ‘द डार्क नाइट राइझेस’चा विषय निघाला की हे वाक्य येतंच. 2012 पासून ऐकत आलेय. म्हणणारे बहुतेक जण सिनेमा मनापासून बघणारे असतात, त्यातले बरेचसे माझे मित्रच आहेत, आणि तरी दर वेळी मला ते वाक्य लागतं. आज सविस्तर लिहिते. ज्यांनी नोलनचे तिन्ही बॅटमॅन बघितले नाहीत त्यांनी इथेच थांबा, कारण मला शेवटाबद्दलच बोलायचंय.

आधी प्रेक्षकांची बाजू. 2012 च्या जुलैत तिकीट काढून आत गेलेला माणूस पाटी कोरी ठेवून गेलेलाच नव्हता. 2008 चा दुसरा भाग त्याच्या डोक्यात घर करून बसला होता, आणि त्या भागातला हीथ लेजरने केलेला खलनायक, जोकर. लेजर 2008 च्या जानेवारीत गेला, सिनेमा जुलैत आला, पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. इतक्या मोठ्या कामावर इतक्या लवकर मृत्यूची सावली पडली की त्या भूमिकेकडे साध्या नजरेने बघणं कुणालाच शक्य राहिलं नाही. नोलनने तिसऱ्या भागात जोकरचं नावसुद्धा येऊ दिलं नाही. मला तो निर्णय अतिशय सभ्य वाटतो. पण प्रेक्षक मात्र पावणेतीन तास त्याचीच वाट बघत बसला.

मध्यंतरात आमच्या मागच्या रांगेत हेच चाललं होतं. "व्हिलनमध्ये दम आहे, पण जोकरसारखा नाही रे." अजून अर्धा सिनेमा शिल्लक होता!

तिसऱ्या भागातल्या खलनायकाचं, बेनचं तर त्याहून वाईट झालं. डिसेंबर 2011 मध्ये निवडक आयमॅक्स पडद्यांवर ‘मिशन इम्पॉसिबल’च्या नव्या भागाआधी या सिनेमाची पहिली सहाएक मिनिटं दाखवली गेली. विमानातून विमान पळवण्याचा तो प्रसंग. त्यावर सगळ्यात मोठा बोभाटा कशाचा झाला, तर मुखवट्याआडून बेन झालेला टॉम हार्डी काय बोलतो ते कळत नाही याचा. सिनेमा यायला सात महिने होते आणि खलनायकावर शिक्का बसलासुद्धा. पुढे पूर्ण सिनेमा आला तेव्हा आवाज चांगला स्पष्ट ऐकू येत होता. हार्डीने तो बार्टली गॉर्मन नावाच्या आयरिश भटक्या समाजातल्या, उघड्या मुठींनी लढणाऱ्या मुष्टियोद्ध्याच्या बोलण्यावरून उचलला होता. एका आडदांड माणसाच्या तोंडी असा नाटकी, जवळजवळ लाघवी सूर ठेवणं ही केवढी हिंमत आहे! मला तो आवाज आजही अंगावर येतो.

दुसऱ्या बाजूला, ज्यांना हा सिनेमा डोक्यावर घ्यायचाच होता त्यांनीही कमी केलं नाही. प्रदर्शनाच्या काही दिवस आधी प्रतिकूल परीक्षणं लिहिणाऱ्या समीक्षकांना चाहत्यांनी इतक्या घाणेरड्या धमक्या दिल्या की ‘रॉटन टोमॅटोज’ला या सिनेमाच्या परीक्षणांखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. धमक्या देणाऱ्या बहुतेकांनी सिनेमा बघितलेलाही नसणार. माझा या सिनेमावर जीव आहे, आणि म्हणूनच ते प्रकरण मला जास्त लाजिरवाणं वाटतं.

आणि मग 20 जुलैचा शुक्रवार. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात मध्यरात्रीच्या खेळाला एक बंदूकधारी थिएटरात शिरला. 12 माणसं मेली, 70 जखमी झाली. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते तेव्हा आपल्याकडे भर दुपार होती. सकाळचा खेळ बघून लोक बाहेर पडत होते, दुपारच्या खेळाला आत जात होते. पॅरिसचा प्रीमियर रद्द झाला, निर्मात्यांनी त्या शनिवार-रविवारी गल्ल्याचे आकडे जाहीर करणं थांबवलं, बॅटमॅन झालेला ख्रिश्चन बेल स्वतः जखमींना भेटायला गेला. पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रियांकडे बघताना हे विसरता येत नाही. जो सिनेमा बघायला गेलेली माणसं परत आली नाहीत, त्याच सिनेमातल्या गोळ्यांबद्दल तुम्ही उत्साहाने काय लिहिणार?

तरीही लोकांना सिनेमा आवडला होता, हे नोंदवून ठेवायला हवं. अमेरिकेत थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून सिनेमाला श्रेणी देणारी ‘सिनेमास्कोर’ नावाची पाहणी आहे. तिथे दुसऱ्या भागाला ‘ए’ होती, तिसऱ्यालाही ‘ए’च मिळाली. जगभरचा गल्ला 108 कोटी डॉलरच्या घरात गेला. ऑस्करची मात्र एकसुद्धा नामांकन नाही, आणि दुसऱ्या भागाला तर आठ होती. म्हणजे दारातून बाहेर पडताना माणसं खूश होती. कुरबुर घरी गेल्यावर सुरू झाली, आणि डीव्हीडी आल्यावर, दृश्य थांबवून थांबवून बघता यायला लागल्यावर वाढली.

त्या कुरबुरीतल्या कितीतरी गोष्टी खऱ्या आहेत. शेअर बाजारावरचा हल्ला उजेडी होतो, गुंड म्हणतात अजून आठ मिनिटं लागतील, आणि पाठलाग बोगद्यातून बाहेर येतो तेव्हा मिट्ट काळोख. हजारो पोलीस महिनोन् महिने जमिनीखाली अडकलेले, आणि वर येतात ते दाढी केल्यासारखे. पाठीचा मणका सरकलेला माणूस एका गुद्द्याने आणि दोरखंडाने उभा राहतो. खिशात दमडी नसताना तो वाळवंटातून वेढलेल्या गॉथममध्ये, म्हणजे स्वतःच्या शहरात, कसा पोचतो, ते तर कुणीच सांगत नाही. मला यातल्या एकाही तक्रारीचं उत्तर द्यायचं नाहीये. पहिल्या भागातल्या खलनायकाची मुलगी टालिया हिचं रहस्य उघड झाल्यावर बेन एकदम कुणाचा तरी अंगरक्षक होऊन जातो आणि तोफेच्या एका गोळ्यात संपतो, हे तर मला अजिबात पटलेलं नाही. ज्या माणसाने बॅटमॅनचं कंबरडं मोडलं त्याला निदान एक मरण तरी नीट द्यायचं होतं.

पण याच सिनेमातला मैदानाचा प्रसंग आठवा. पिट्सबर्गच्या खऱ्याखुऱ्या फुटबॉल मैदानावर चित्रित केलेला. भरलेल्या स्टेडियममध्ये एक लहान मुलगा राष्ट्रगीत गातोय आणि खाली बोगद्यात बेन ते ऐकत उभा आहे, पोराच्या गळ्याचं कौतुक करतोय. महाराष्ट्रात 2003 पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं. आमच्या थिएटरातला प्रत्येक माणूस थोड्या वेळापूर्वी तसाच उभा राहून खाली बसला होता. त्या मुलाचा आवाज सुरू झाला आणि आमच्याकडची खुसफुस बंद झाली. पॉपकॉर्नचा आवाजसुद्धा नाही. मग खेळाडू चेंडू घेऊन धावत सुटतो आणि त्याच्या मागून सगळं मैदान खचत जातं. दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोपटाने मला माझं शहर असं हातातून निसटताना दाखवलेलं नाही.

आता शेवट. माझं खरं भांडण इथे आहे.

हा सिनेमा पहिल्यापासून एका थकलेल्या माणसाचा आहे. ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, आठ वर्षं घराबाहेर पडलेला नाही. हातात काठी. डॉक्टर त्याला तपासून सांगतात की गुडघ्यात कूर्चाच शिल्लक नाही. त्याला लहानपणापासून सांभाळणारा घरचा बटलर आल्फ्रेड त्याला सांगतो, तुम्ही परदेशी नाहीसे झाला होतात तेव्हा मी दर वर्षी फ्लॉरेन्सला जायचो, नदीकाठच्या एका कॅफेत बसायचो, आणि मनाशी म्हणायचो की समोरच्या टेबलावर तुम्ही दिसाल, बरोबर बायको असेल, कदाचित मुलंबाळं. आपण एकमेकांशी बोलणार नाही, पण मला कळेल की तुमचं बरं चाललंय. आल्फ्रेड झालेला मायकेल केन हे ज्या पद्धतीने बोलतो, ते ऐकताना मला बॅटमॅन आठवत नाही. लेकराला परत कधी बघायला मिळेल या काळजीने झुरणारा म्हातारा दिसतो. आणि शेवटी तो खरंच त्या कॅफेत बसतो, मान वर करतो, आणि समोर ब्रूस आहे. सेलिनाबरोबर, म्हणजे सिनेमातल्या कॅटवुमनबरोबर. दोघं मान हलवतात. संपलं.

यावर प्रेक्षकांचे दोन तट पडले. एक म्हणाला, ही फसवणूक आहे, अणुबॉम्ब समुद्रावर नेऊन त्याने मरायलाच हवं होतं, बलिदानाची किंमतच गेली. दुसरा म्हणाला, तो मेलाच आहे, कॅफे हा आल्फ्रेडच्या मनाचा खेळ. या दुसऱ्या मंडळींना मी दर वेळी एकच सांगते, सिनेमा परत बघा. ब्रूसच्या कंपनीतल्या ल्युशियस फॉक्सला कळतं की विमानाचा ऑटोपायलट ब्रूसने सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त केला होता. मालमत्तेच्या यादीतून मोत्यांचा हार गायब आहे. पोलीसप्रमुख गॉर्डनला बॅटमॅनला बोलावायचा गच्चीवरचा फुटका दिवा नवा करून ठेवलेला सापडतो. स्वप्नासाठी एवढी तजवीज कोण करतं? बेलनेही नंतर सांगितलं होतं की त्याच्या मते ते स्वप्न नाही.

मला जास्त बोचतो तो पहिला तट. नायकाने मेलं पाहिजे किंवा लढत राहिलं पाहिजे, मधलं काही आम्हाला चालणार नाही, असा हा हट्ट आहे. आठवून बघा, त्याच वर्षी आपण सचिनबद्दल काय करत होतो? मार्चमध्ये त्याने मिरपूरला शंभरावं शतक केलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रापर्यंत एकच काथ्याकूट: आता कधी थांबणार? आणि थांबला तेव्हा वानखेडेवर धाय मोकलून रडलेही आपणच. ज्याने आपल्यासाठी अंगाची हाडं झिजवली, त्याने थांबावं तर आपल्याला सोसत नाही आणि थांबू नये तरी सोसत नाही. ब्रूस वेनला नोलनने तिसराच रस्ता दिला. शरीर मोडलंय, काम झालंय, शहर दुसऱ्या तरुण माणसाच्या हाती सोपवलंय, आता जा, एखाद्या बाईबरोबर दुपारी कॉफी पी. सुपरहिरोला इतकी साधी गोष्ट मिळू देणारा सिनेमा मला तरी दुसरा माहीत नाही.

हे किती अवघड आहे ते नंतरच्या वर्षांनी दाखवलंच. त्याच 2012 मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ आला होता, आणि आपल्याला नावं संपल्यावरही खुर्चीत बसून राहायची सवय लागली. आमच्या खेळाला ‘राइझेस’ संपल्यावरही बरेच लोक बसून राहिले होते, पुढच्या भागाची झलक येईल म्हणून. काही आलं नाही. पुढे ‘लोगन’ने 2017 मध्ये वुल्व्हरिनला किती सुंदर निरोप दिला, कबरीसकट. 2024 मध्ये तोच वुल्व्हरिन होऊन ह्यू जॅकमन परत आला. रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा आयर्न मॅन मेला, आपण रडलो, आणि तोच डाउनी आता खलनायक होऊन परत येतोय. मी त्या कलाकारांना दोष देत नाही. लोकांना तेच हवंय आणि पैसा तिथेच आहे. पण चौथ्या बॅटमॅनची विचारणा झाली तेव्हा बेल नाही म्हणाला, कारण तीनवर थांबायचं नोलनचं आधीपासून ठरलेलं होतं. ठरलेल्या जागी थांबायला फार मोठं मन लागतं.

"दुसऱ्याची सर नाही" म्हणणाऱ्यांना माझी एक विनंती. एकदा 2005 चा पहिला भाग आणि हा तिसरा, लागोपाठ बघा. दुसरा मध्ये लावू नका. पहिल्यात लहान ब्रूस कोरड्या विहिरीत पडतो आणि त्याचे वडील दोराने खाली उतरून त्याला उचलून वर नेतात. तिसऱ्यात तो पुन्हा विहिरीत आहे, बेनने डांबलेल्या तुरुंगात, खोल, दगडी, वर आभाळाचा गोल तुकडा. दोर बांधून दोनदा उडी मारतो, दोनदा आपटतो. मग तिथला एक कैदी म्हातारा त्याला सांगतो की पूर्वी इथून सुटलेली ती एकमेव पोर दोराशिवाय चढली होती. आणि तो दोर सोडतो. बाहेर येतो तेव्हा दूरवर जो किल्ला दिसतो तो आपला जोधपूरचा मेहरानगड आहे. 2011 च्या मे महिन्यात तिथे चित्रीकरण झालं होतं. आमच्या थिएटरात तेव्हा मोठ्याने "अरे, जोधपूर!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. पण तोपर्यंत त्या चढाईवर टाळ्या पडून गेल्या होत्या.

आणि गॉर्डन. त्याला शेवटपर्यंत कळलेलं नसतं की मुखवट्यामागे कोण आहे. बॉम्ब घेऊन निघताना बॅटमॅन त्याला फक्त एवढंच आठवण करून देतो की एका तरुण पोलिसाने एका पोरक्या मुलाच्या खांद्यावर कोट पांघरला होता. तो कोट पहिल्या भागात आहे. सात वर्षांपूर्वीचा. दोन्ही सिनेमे सलग बघितले की गॉर्डनच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याचा अर्थ लागतो.

बघून झालं की इथे येऊन लिहा, मी वाचतेय. बेनच्या मरणाबद्दल लिहिणार असाल तर वाद होणारच नाही, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. कॅफेबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.