शिफ्टर मेलेला नाही, ग्रीस आटलंय

गोव्यातल्या सायकलवाल्यांत एक सल्ला फॉरवर्ड होत फिरतोय: ‘जुन्या सायकलचा गिअरचा लीव्हर दाबला की नुसताच सैल हलतो, गिअर पडत नाही? खाऱ्या हवेने आतली स्प्रिंग गंजून तुटली. तात्पुरतं खोबरेल सोडा, नाहीतर नवा शिफ्टर घ्या.’

खारी हवा चेन खाते, वायर आवरणात अडकवते, हे कबूल. पण हेच दुखणं पुण्यात घरात झाकून ठेवलेल्या सायकललाही होतं. दोष शिफ्टरच्या, म्हणजे लीव्हर असलेल्या गिअर बदलणाऱ्या भागाच्या, आतल्या ग्रीसचा. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. वर्षानुवर्षांत तेल सुटतं, उरलेलं हवेने घट्ट होतं, आणि मागे राहतो पिवळट-तपकिरी मेणासारखा थर.

आता स्प्रिंग. रबर बाजूला करून टॉर्चने आत बघा. लीव्हर दाबला की नखाएवढा खटका दात्यात टपकन बसायला हवा. इथे तो आळसावल्यासारखा सरकतो किंवा अर्ध्यातच थांबतो. स्प्रिंग बहुतेकदा शाबूत असते, चिकटा तिच्या ताकदीला भारी पडतो. त्याआधी वायर डिरेलरपासून (मागच्या चाकाजवळ चेन सरकवणाऱ्या भागापासून) सोडा. लीव्हर तरीही सैल असेल तर दोष शिफ्टरमध्ये. नीट कटकट वाजला तर वायर बदला, विषय संपला.

खोबरेल तर नकोच! साधारण २४ अंशांखाली ते गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीतली डिचोलीची पहाट त्याहून थंड असते. शिवाय जुना चिकटा तसाच राहतो. (पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, सायकलला गिअरच नसतात, म्हणून तो सुखी.)

करायचं ते असं: शिफ्टरमध्ये डब्ल्यूडी-४० चा फवारा नळीने भरपूर मारा, लीव्हर दोन्ही बाजूंनी खटाखट दाबत राहा. खाली फडकं धरा, तपकिरी पाणी गळेल. थोडा वेळ मुरू द्या, पुन्हा मारा, गळणारं स्वच्छ होईपर्यंत. फवारा ब्रेकच्या डिस्कवर, रिमवर उडू देऊ नका, नाहीतर उतारावर ब्रेक लागायचा नाही. पेट्रोल मात्र नको: आग तर आहेच, रबर-प्लास्टिकही खराब होतं.

इथेच बरेच जण थांबतात. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ साली काढलेलं रसायन. शिफ्टरमध्ये ते वंगण म्हणून फार टिकत नाही. पुसून, सुकवून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब खटक्यावर सोडा. जाड ग्रीस भरलंत तर तेच दुखणं पुन्हा ओढवून घ्याल. आणि हौसेने सगळा शिफ्टर उकलू नका, गुंडाळलेली स्प्रिंग उडाली की परत बसवणं जिकिरीचं.

एवढं करूनही खटका धरत नसेल, दाता झिजला किंवा प्लास्टिक फुटलं असेल, तर नवा घ्या. पण दुकानात जाण्याआधी मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या मोजा: सातच्या जागी आठचा शिफ्टर लावलात तर गिअर नीट जागेवर पडतीलच असं नाही.