गंगेत मासे गुदमरायलेत आणि आपण फक्त टीएमसी मोजतोय

उन्हाळ्यात गावी होतो. पहाटे गंगेवर गेलो (आमच्या गंगथडीला तिला गोदावरी कुणी म्हणत नाही), तर बंधाऱ्याच्या फुगवट्यात मासे तोंड वर काढून हवा गिळत होते. काठाला राहू अन् शिंगटे मरून पडलेले. पाणी हिरवंगार. गावात लगेच चर्चा, कुणीतरी औषध टाकलं. आमचे भोई काका तेवढे म्हणाले, "औषध असतं तर दिवसा बी मेले असते. हे रोज पहाटंच मरायलेत."

काकांनी नेमकं दुखणं पकडलं होतं. पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शेवाळामुळं. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करतं, रात्री मात्र माशांसारखंच तेही तो वापरतं. मेलेलं शेवाळ तळाला कुजतं आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू ओढून घेतात. दिवस उगवायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. मरळ, मांगूर वरची हवा घेऊन तगतात. तळाचे शिंपले, चतुराच्या अळ्या कुठं पळणार? त्या गेल्या की त्यांच्यावर जगणारे मासे जातात, मग माशांवर जगणारे पक्षी. नदी भरलेली दिसते, पण आत चिवट अशा दोन-चार जातीच उरतात.

हे शेवाळ पोसतंय कोण? आपणच. युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन). म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २० किलोच्या वर. उसाला खत फेकायचं आणि मोकळं पाणी सोडायचं, ही आमच्या घरचीही रीत. पिकानं न घेतलेलं नत्र पाण्याबरोबर निघून जातं. स्फुरद (फॉस्फरस) मातीला चिकटतो आणि मोठ्या पावसात मातीसकट ओढ्याला लागतो.

नुसत्या युरियाला मी दोष देणार नाही. कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी एका तळ्यात मधोमध पडदा लावला. एका बाजूला नत्र आणि कर्ब (कार्बन) टाकला, दुसरीकडं त्यासोबत स्फुरदही. स्फुरदाची बाजू हिरवी झाली. आपल्याकडं तो डीएपी खताच्या पोत्यातून येतो, तसाच गावोगावच्या गटारीतूनही.

त्यात ढालेगाव, मुदगल, डिग्रस, विष्णुपुरी अशी बंधाऱ्यांची माळ. अडलेल्या, तापलेल्या पाण्यात शेवाळाला निवांत जागा मिळते. बंधारे नकोत असं मी कधीच म्हणणार नाही, बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच मोठा झालोय.

पण चीड याची येते, की वरच्या धरणांतून जायकवाडीत किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सुटलं यासाठी आपण रस्ते अडवतो, कोर्टात जातो. त्या पाण्यात काय आलं, हे कुणी विचारत नाही. तेच पाणी आपण पितो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला घातक असं विष सोडतात आणि पाणी उकळूनही ते जात नाही.

घरी वडिलांशी बोललो. आधी जरा वाद झाला. आता यंदा माती तपासून, तीन-चार हप्त्यांत आणि मातीआड खत द्यायचं ठरलंय. ठिबकचा खर्च अजून जमत नाही. गटारीचा प्रश्न मोठा आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर सांडपाणी जिरवणारे शोषखड्डे घेऊन उघड्या गटारी बंद केल्या. आमच्या गावाची गटार अजून थेट घाटाच्या वरच्या अंगाला गंगेत पडते. पुढच्या ग्रामसभेत तेवढा एकच विषय मी लेखी देणार आहे. भोई काकाही सही करणार आहेत. गावातल्या कुणी हे वाचलं तर त्यांनीही या.