बटाट्यापेक्षा वाळू बरी

लेखात गुलाबाची काडी बटाट्यात खोचून लावायला सांगितलंय. अहो, आमच्या सोलापुरात बटाटाच आधी सडतो, मग मुंग्या लागतात. त्यापेक्षा निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. काळी माती नकोच, पाणी धरून ठेवते नि काडीचा बुडखा काळा पडतो. फूल येऊन गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी डोळ्याखाली (कोंब फुटतो त्या जागेखाली) तिरकी कापायची, वर दोनच पानं ठेवायची. काडीवर कापलेली बाटली उपडी घाला, पण सावलीत हं! उन्हात काडी आत उकडून निघते. लावायची ती पावसाळ्यात. एप्रिल-मेच्या 40-42 अंशांत नादी लागू नका. पालवी फुटली म्हणून उपटून बघू नका, मुळं नसतानाही ती फुटते. गावठी गुलाब पटकन धरतो. नर्सरीतले मोठ्या फुलांचे मात्र डोळा भरलेलेच (दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर डोळा बसवून केलेले) आणावेत.