गांजानं कोरोना पळतो म्हणे!

कोरोनाच्या दिवसांत भाच्यानं एक फॉरवर्ड धाडला: ‘अमेरिकेत सिद्ध झालंय, गांजा ओढणाऱ्याला कोरोना होत नाही. टेन्शन जातं, झोप लागते, व्यसन लागत नाही, आणि किलोभर बाळगला तरी कायद्यात बसतं.’ खाली हसरा चेहरा. पोरगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करत होता आणि परीक्षेच्या तारखा दोन वर्षं पुढे पुढे सरकत होत्या. मला काही हे हसण्यावारी नेता आलं नाही.

ते ‘सिद्ध’ म्हणजे ओरेगॉन स्टेट विद्यापीठाचा जानेवारी 2022 चा शोधनिबंध. हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं, पण नशा न आणणारं झाड. त्यातली सीबीजीए आणि सीबीडीए ही आम्लं विषाणूच्या काट्यांना चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत, असं त्यात दिसलं. कुठे? प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. माणसांवर नाही. त्यातून ही आम्लं कच्च्या झाडातली. उष्णता लागली की त्यांची दुसरीच रसायनं होतात. म्हणजे ज्याच्या जिवावर एवढा गाजावाजा, त्यालाच तुम्ही काडी लावताय! वर गांजाची एकच सिगारेट चौघांच्या तोंडून फिरणार, मास्क हनुवटीवर, वास जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. विषाणूला आणखी काय हवं?

झोपेचं अर्धं खरं आहे, सुरुवातीला लागते. पण रोजची सवय झाली की ज्या रात्री माल मिळत नाही त्या रात्री डोळ्याला डोळा नाही, चिडचिड, जेवण नको. याला व्यसन नाही तर काय म्हणायचं? येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात विचारा.

आणि टेन्शन? 1987 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनचा अभ्यास आला. सैन्यभरतीच्या 45 हजारांवर तरुणांची 15 वर्षांची माहिती तपासली होती. अठराव्या वर्षापर्यंत 50 हून जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि संशयाच्या गंभीर मानसिक आजाराचं, प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. बहुतेकांना काही होत नाही, कबूल. पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. शेजारच्या खोलीतले आपल्याबद्दलच बोलतायत असं पोराला वाटायला लागलं, तर ते कुणाच्या लक्षात यायचं? रूममेट कधीच गावी गेलेला, आईशी फोनवर ‘जेवलास का’ पलीकडे बोलणं नाही.

किलोचं डोकं कुणाचं, देव जाणे. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरतात, म्हणून शिक्षा कमी; माफी नाही. एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निवड झाल्यावर पोलिसांची चारित्र्य पडताळणी असते, हे एमपीएससीवाल्याला मी काय सांगणार.