किल्ल्याची मुलाखत

साताऱ्याहून आलेल्या आत्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "लग्नामुंजींना दहादा आले, पण ठाणं काही पाहिलं नाही. दाखव."

तीस वर्षं मी ठाण्यात राहतो. म्हणजे घर ते स्टेशन हा रस्ता मला पाठ आहे. त्यामुळे स्टेशनपासूनच सुरुवात केली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी इथं आली. साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, 14 डबे, 400 माणसं. हे सगळं मी रात्री वाचून ठेवलं होतं. "म्हणजे सगळ्यांना बसायला मिळालं," आत्या म्हणाली. आदल्या दिवशी ती दादरहून उभ्यानं आली होती.

कौपिनेश्वराची भलीमोठी पिंड तिला आवडली. पण 1760 चा जीर्णोद्धार सांगायला मी तोंड उघडेपर्यंत ती जांभळी नाक्यावर भाजीवालीशी हुज्जत घालत होती. साताऱ्यात जणू मेथी उगवतच नाही, अशा थाटात चार जुड्या घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"आता किल्ला."

ठाण्याला किल्ला आहे. 1737 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. एवढंच की सध्या त्यात मध्यवर्ती कारागृह आहे. हे मी आत्याला दोनदा सांगितलं. "बाहेरून बघू," असं म्हणून ती थेट फाटकाशी गेली.

शिपायाने विचारलं, "कुणाची मुलाखत?"

"किल्ल्याची," आत्या म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे.

"बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"मेथी आहे हो," मी म्हणालो. आवाज उगाचच कापला.

"आमच्या अजिंक्यताऱ्यावर कुणी अडवत नाही," आत्या पुटपुटली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की 1816 मध्ये त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. लोक इथून बाहेर पडायला धडपडतात, आत शिरायला नाही. ती ऐकेना. "तीस वर्षं राहतोस, कुणाशी ओळख नाही?"

संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून ती मेथी निवडत होती. मी देठं गोळा करत होतो. साताऱ्याहून काकांचा फोन आला.

"पाहिलं हो ठाणं," ती म्हणाली. "पार तुरुंगापर्यंत जाऊन आले. पण ह्याच्या ओळखीचं आत कुणीच निघालं नाही!"